एकशे दहा, सत्तर

त्या नोंदवहीचं पान आजही माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. डावीकडे गरोदर बायकांची नावं, मग वय, कितवं बाळंतपण, वजन, आणि त्यापुढे बीपीचा रकाना. वरपासून खालपर्यंत एकशे दहा, सत्तर. पुन्हा एकशे दहा, सत्तर. मधेच चवीपुरतं एखादं एकशे वीस, ऐंशी. बायका वेगळ्या, पाडे वेगळे, कुणाला चौथा महिना तर कुणाला नववा, पण बीपी मात्र सगळ्यांचं एकच. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी ‘तपासले’ या शब्दाखाली माझी सही, तारखेसकट.

ती सही मी चार वर्षं करत होते. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. इगतपुरी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी आरोग्य सहाय्यिका होते. म्हणजे नर्सच्या वरची, डॉक्टरच्या खालची, आणि दोघांचीही बोलणी खाणारी. माझ्याकडे सहा उपकेंद्रं होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि एक नर्स. मी एसटीने, कधी पायी फिरायचे आणि नोंदवह्या तपासायचे. तपासणं म्हणजे रकाने भरलेत की नाही ते बघणं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. रिकामा रकाना दिसला की मी आवाज चढवायचे. मी मूळची देवळ्याकडची. आमच्या घरात मनातलं ओठावर यायला कुणालाच वेळ लागत नसे. पण भरलेला रकाना खरा आहे का, हा प्रश्न चार वर्षांत मला एकदाही पडला नाही.

भाताची कापणी चालू होती. एका सकाळी धरणापलीकडच्या गावातून जीप आली. मागच्या सीटवर विशीतली पहिलटकरीण होती, आठवा महिना, आणि तिला झटके येत होते. जीभ दाताखाली आल्याने तोंडातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मी तिच्याबरोबर जीपमध्ये बसून नाशिकला गेले. बाई वाचली. बाळ पोटातच गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिचं कार्ड मागितलं. आमचे डॉक्टर तरुण होते, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मोजकं बोलणारे. कार्डावर चार तपासण्या होत्या. चारही वेळा एकशे दहा, सत्तर. शेवटची तपासणी झटके यायच्या फक्त आठ दिवस आधीची.

‘‘मॅडम,’’ ते म्हणाले, ‘‘हे एका दिवसात वाढलेलं नसणार. चार वेळा तपासलं तर एकदा तरी दिसायला हवं होतं.’’

कार्ड त्यांनी माझ्या हातात परत दिलं. मागच्या बाजूला माझी सही होती. मला तिथे उभं राहवेना.

ते कार्ड लिहिणारी नर्स म्हणजे माझी गुरूच. नोकरीला लागले तेव्हा मला पोट तपासता येत नव्हतं. माझा हात हातात घेऊन तो बाईच्या पोटावर ठेवून, बाळाचं डोकं कुठे आणि पाठ कुठे, हे मला तिनेच शिकवलं. त्या उपकेंद्रात तिची वीस वर्षं झाली होती. रेल्वेतल्या गँगमनची मुलगी, इगतपुरीत वाढलेली. आवाज असा, की पडवीत बोलली तरी बांधावर ऐकू जावं. बाई तपासायला आली की ती हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवायची आणि मगच विचारायची, ‘‘बोल, काय होतंय?’’ मला ती तिची माया वाटायची. चारचौघांत मी तिला सिस्टर म्हणायचे, एरवी ताई. ती मला चारचौघांत मॅडम म्हणायची, एरवी पोरी.

मी तिच्याकडे भांडायलाच गेले. एसटीतून उतरून खाचरांच्या बांधावरून चालत जाताना काय काय बोलायचं ते मी घोकत होते. ती पडवीत एकटीच बसली होती. मी समोर जाऊन विचारलं, ‘‘खरं सांगा ताई, तिचं बीपी मोजलं होतं का?’’

‘‘मोजलं होतं.’’

‘‘चारही वेळा?’’

‘‘चारही वेळा पट्टा बांधला, पोरी. माझ्या लेकराची शपथ.’’

मला ते पटलं नाही. मी आणखी बरंच बोलले. ती खाली मान घालून बसली. परतीच्या एसटीत माझ्या लक्षात आलं, की मी ओरडले तरी मला काहीच कळलेलं नाही. आणि मग माझ्यातली देवळ्याची बाई जागी झाली. विचारून कळत नसेल तर मोजून कळेल, असं मी ठरवलं.

योगायोग असा, की त्याच महिन्यात जिल्ह्याहून पत्रक आलं होतं. आता नुसत्या संख्या पाठवू नका, कामाचा दर्जाही मोजा. प्रत्येक केंद्राने एक गोष्ट निवडावी आणि दर महिन्याला तिचा तक्ता लावावा. आमच्या मासिक सभेत ते वाचून दाखवलं तेव्हा सगळ्या नर्स हसल्या. आणखी एक फॉर्म, एवढाच त्याचा अर्थ त्यांना लागला. डॉक्टरांच्या मनात स्वच्छता घ्यायची होती. चुना मारला, खिडक्यांना पडदे लावले, की गुण मिळाले.

‘‘बीपी घ्या,’’ मी म्हटलं.

‘‘ते आपण मोजतोच की,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘त्याचा दर्जा कसा मोजणार?’’

‘‘मोजलेलं पुन्हा मोजून.’’

पद्धत मी तिथेच सांगितली. प्रत्येक उपकेंद्रावर गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी मी जायचं. नर्सने आत बीपी घ्यायचं, आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दुमडून ठेवायची. तीच बाई बाहेर पडवीत माझ्याकडे येईल, मी पुन्हा घ्यायचं, माझी चिठ्ठी वेगळी. अशा दहा बायका. शेवटी चिठ्ठ्या उघडायच्या. दोघींच्या आकड्यात दहापेक्षा जास्त फरक नसेल तर बरोबर, असेल तर चूक. दहापैकी किती बरोबर, ते तक्त्यावर लिहायचं.

सभेतलं हसू गेलं होतं. ‘‘म्हणजे आमच्यावर पोलीसच लावला म्हणा ना,’’ एकजण म्हणाली. आठवडाभरात माझं नाव ‘दहा पॉइंटवाली’ पडलं. मी केंद्राच्या दारात दिसले की कुणीतरी आत कुजबुजायचं, ‘आली गं, दहा पॉइंटवाली.’ मला राग यायचा, पण मी ठरवलं होतं. त्या बाईचं रक्त माझ्या पदराला लागलं होतं, ते धुतल्यावरही मला दिसत होतं.

पहिल्या महिन्याचा निकाल बघून मी हादरलेच. सहा नर्सपैकी एकीचेही सगळे आकडे जुळले नाहीत. सगळ्यांत चांगल्या नर्सचे दहापैकी सहा. आणि ताईचे दोन. तेही त्या दोघी बायकांचं बीपी खरंच तेवढं होतं म्हणून.

पुढच्या मंगळवारी, ताईच्या तपासणीच्या दिवशी, मी तिच्या खोलीत एका कोपऱ्यात जाऊन बसले. तिला म्हटलं, तुमचं चालू द्या. आणि मी बघत राहिले. तिने पट्टा बांधला, अगदी जिथे हवा तिथे. नळी कानात घातली, चकती कोपराच्या खोबणीत ठेवली, फुगा दाबला, पारा चढवला, सावकाश सोडला. तिची नजर पाऱ्यावरून हलली नाही. घाई नाही, टंगळमंगळ नाही. मला शिकवलं होतं तसंच. आणि पारा खाली बसल्यावर तिने बाईच्या तोंडाकडे पाहिलं, हातापायांवर बोट दाबून सूज पाहिली, आणि लिहिलं, एकशे दहा, सत्तर.

दारात कुणाचं तरी पोर ठणाणा रडत होतं. तिने वळून बघितलं नाही. मागून एक म्हातारी काहीतरी विचारत होती, तिला उत्तर नाही. मी उठले, तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘‘ताई, पायाशी साप आहे.’’

बाकावरच्या चारही बायका किंचाळून उठल्या. एक तर खिडकीच्या कट्ट्यावरच चढली. ताई मात्र हातातला पट्टा शांतपणे गुंडाळत होती. मग समोरच्या बायकांकडे तिची नजर गेली आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘काय गं, उठून उभ्या का राहिल्या?’’

माझ्या हातून झालेली ती सगळ्यात दुष्ट तपासणी. मला लाज वाटली, आजही वाटते.

खिडकीवर चढलेली बाई खाली उतरली. साप नाही हे तिला कळलं होतं, आणि मी काय केलं तेही. माझ्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, तिला मागून नाय ऐकू येत. पुढं होऊन बोलायचं.’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘समद्या गावाला ठाव हाय. लय वर्सं झाली.’’

‘‘मग कुणी सांगितलं कसं नाही?’’

‘‘सांगितलं आन् तिची बदली केली तर? दुसरी बाई इथं राहत बी नाय. ही रातीबेराती येती.’’

म्हणजे सगळ्या गावाने मिळून ती गोष्ट आमच्यापासून झाकून ठेवली होती. साहेब लोक आले की कुणीतरी तिच्या समोर उभं राहून त्यांचं बोलणं ओठांनी पुन्हा म्हणायचं. प्रेमापोटी. त्या प्रेमाने त्यांच्याच लेकीसुनांना धोका होतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

बायका गेल्यावर मी ताईच्या समोर बसले. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे का वळवायचं, हे मला तेव्हा कळलं. ती ओठ वाचत होती.

तिने सगळं सांगितलं. लहानपणापासून कान वाहायचे. डावा तर कधीच गेला होता. उजव्याने बरीच वर्षं साथ दिली. ‘‘आधी आवाज बारीक झाला. वाटलं, नळीत दोष असेल. नवी नळी मागवली. तिच्यातही येईना. मग मला कळलं, नळीत दोष नाही.’’

‘‘मग सांगायचं ना, ताई!’’

‘‘कुणाला? सांगितलं असतं तर नोंदवह्या उतरवायला ऑफिसात बसवलं असतं. मी तिथे काय करू? मला बाया तपासता येतात, दुसरं काही येत नाही. एकशे दहा, सत्तर लिहिलं की कुणी काही विचारत नाही. तूही नाही विचारलंस, पोरी.’’

हे वर्मी लागलं, पण मी गप्प बसले नाही. गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, ‘‘तुमच्या कानापायी एका बाईचं लेकरू गेलं.’’

‘‘ठाऊक आहे. तिच्या घरी गेले होते. तिच्या सासूने मला चहा केला.’’ आणि एवढ्या मोठ्या आवाजाची ती बाई एकदम लहान आवाजात रडायला लागली.

मला तिची कीव आली आणि तिचा संतापही आला, दोन्ही एकाच वेळी. तिला कामावरून काढायची कल्पना मला सहन होत नव्हती, आणि तिने आणखी एका बाईला एकशे दहा, सत्तर लिहावं हेही मला चालणार नव्हतं. निवृत्तीला तिची तीन वर्षं राहिली होती.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते पेन उघडझाप करू लागले. ‘‘वर कळवावं लागेल, मॅडम. तिला तपासणीवर ठेवता येणार नाही.’’

‘‘कळवा. पण त्या वह्यांवर सही माझी आहे. माझंही नाव घाला.’’

‘‘त्याने काय होणार? तिला ऐकू यायला लागणार आहे का?’’

उत्तर त्यांच्याचकडे निघालं. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, की कॉलेजात पहिली पायरी शिकवतात ती बोटांची. पट्टा बांधायचा, मनगटावरची नाडी धरायची आणि फुगा दाबत जायचं. नाडी बंद पडली की तिथला आकडा बघायचा. तोच वरचा आकडा, कान लागत नाही. खालचा आकडा त्याने मिळत नाही, पण धोका ओळखायला वरचा पुष्कळ उपयोगी पडतो. ‘‘पुस्तकात आहे,’’ ते म्हणाले, ‘‘पण करतं कोण? सगळ्यांना घाई.’’

मी तीन महिने मागून घेतले. तीन महिने दर मंगळवारी मी तिथे असेन. तिने बोटाने मोजावं, प्रत्येक बाई मी पुन्हा कानाने मोजीन, बाळाचे ठोकेही मीच ऐकेन. म्हणजे बायकांना धोका नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी डॉक्टरांनी स्वतः यावं. दहापैकी नऊ आकडे जुळले तर ती तपासणीवर राहील.

‘‘आणि आठच जुळले तर?’’

‘‘तर तुम्ही कळवू नका. मी स्वतः लिहून देईन.’’

तिला मी नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडेही नेलं. खिशात ठेवायचं एक यंत्र मिळालं. समोरच्याचं बोलणं त्याने थोडं स्पष्ट व्हायचं, पण बीपीच्या नळीला त्याचा उपयोग नव्हता. एसटीत बसल्यावर तिने ते काढून पिशवीत टाकलं. ‘‘लय कलकलाट आहे गं जगात,’’ ती म्हणाली.

मधल्या काळात तालुक्याची सभा झाली. सगळ्या केंद्रांचे तक्ते वाचून दाखवले गेले. बाकीच्यांचे दर्जाचे गुण नव्वदच्या वर, कुणी कुणी तर पूर्ण शंभर. आमचे चाळीसच्या खाली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुमचेच आकडे एवढे वाईट कसे?’’

‘‘आम्ही मोजले म्हणून, साहेब.’’

मागून कुणीतरी खोकलं. आमच्या डॉक्टरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. पंधरा दिवसांनी मला कारणे दाखवा नोटीस आली. मी तिला दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि तक्ता भिंतीवरून काढला नाही.

पण खरी गोष्ट घडली ती आमच्या केंद्राच्या सभेत. मी पहिल्या महिन्याचा तक्ता वाचत होते, उपकेंद्रांची नावं न घेता. ताई मधेच उठली. तिला काय चाललंय हे ऐकू येत नव्हतं, पण भिंतीवरचा दोनचा आकडा वाचता येत होता. ‘‘तो दोन माझा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. मी खोटं लिहीत होते.’’

ताई तशीच उभी. मग खिडकीजवळची नर्स म्हणाली, ‘‘माझ्या यंत्रातला पारा गळालाय. मी दोनदा लिहून दिलं, मग सोडून दिलं.’’ दुसरीच्या पट्ट्याचं रबर फाटलं होतं, तिने चिकटपट्टी लावली होती. सगळ्यात तरुण नर्स, दोन वर्षांपूर्वी लागलेली, रडवेली होऊन म्हणाली, की खालचा आकडा नेमका कुठल्या आवाजाला घ्यायचा हे तिला अजून नीट समजलेलंच नाही. परीक्षेत तिने अंदाजाने सांगितलं होतं. मी इतकी वर्षं या बायांवर आवाज चढवत होते. रकाने भरलेले हवेत म्हणून ओरडले, त्यांनी ते भरून दिले. त्या दिवशी मी पहिल्यांदाच गप्प बसून सगळं लिहून घेतलं. दोन महिन्यांत यंत्रं दुरुस्त झाली, तरुण नर्स आठ दिवस माझ्याबरोबर फिरली, आणि ‘दहा पॉइंटवाली’ हे नाव त्या माझ्या तोंडावर, हसून घ्यायला लागल्या.

ताईचं काम सगळ्यांत कठीण होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईने वीस-पंचवीस वर्षांची हाताची सवय मोडायची. पहिल्या महिन्यात तिचे दहापैकी पाच जुळले. ती फुगा फार पटकन दाबायची, नाडी कधी सुटली ते कळायचंच नाही. मग तिने घरी सराव सुरू केला. शेजारणी, त्यांचे नवरे, दूध घालायला येणारा माणूस, ज्याचा म्हणून हात मिळेल त्याला पट्टा. एकदा मी गेले तर पडवीत सहा म्हातारे बाह्या वर करून रांगेत बसलेले. ‘‘सिस्टरची परीक्षा हाय,’’ एकाने मला सांगितलं, ‘‘आमी अभ्यासाला बसलोय.’’ दुसऱ्या महिन्यात आठ जुळले. खालच्या आकड्याच्या जागी ती आता सरळ ‘ऐकू येत नाही’ असं लिहायची, प्रत्येक ओळीत, वळणदार अक्षरात. खाली मी सही करायचे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्या पानावर लाल शेरा मारला, ‘माहिती अपूर्ण’. मारू दे म्हटलं. आजवरची सगळी पानं पूर्ण होती, त्यांचं काय केलं आपण?

तिसऱ्या महिन्यातला शेवटचा मंगळवार. डॉक्टर सकाळीच येऊन दुसऱ्या खोलीत रोगी बघत बसले. आत ताई, पडवीत मी, मधे दुमडलेल्या चिठ्ठ्या. त्या दिवशी चिठ्ठ्या शेवटी उघडायचा धीर मला झाला नाही. एकेक बाई झाली की मी लगेच उघडून बघत होते. पहिल्या दोन जुळल्या. तिसरी चुकली, चौदाचा फरक. ती बाई हात आखडून बसत होती, ताईला नाडी नीट सापडली नसणार. मग चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या जुळल्या. सातवी, आठवी, नववीही जुळली. आठ बरोबर, एक चूक. दहावीवर सगळं येऊन ठेपलं होतं.

दहावी पेठकडून या गावात दिलेली, तिसरं बाळंतपण, आठवा महिना. बोलकी, हसरी. डोकं थोडं जड वाटतंय म्हणाली, पण चालत आल्यामुळे असेल. मी पट्टा बांधला, नेहमीसारखा पारा दीडशेपर्यंत चढवला आणि सोडला. एकशे चौतीसला आवाज सुरू झाला, अठ्ठ्याऐंशीला थांबला. जरा जास्त, पण घाबरण्यासारखं नाही. मी लिहिलं आणि ताईची चिठ्ठी उघडली.

एकशे अडुसष्ट.

दहाचा नाही, चौतीसचा फरक. शेवटच्या बाईला, शेवटच्या क्षणाला. भीतीने तिने वाढवून लिहिलं असणार, असं मला वाटलं. आणि खरं सांगते, क्षणभर माझ्या मनात आलं, की माझ्या चिठ्ठीवरचा आकडा बदलावा. एकशे साठ केलं तर जुळतं. कोण बघतंय? पेन हातात होतंच. ताई दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती. तोंड वाचण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

मी पेन खाली ठेवलं. उठले आणि दोन्ही चिठ्ठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. ‘‘आठच जुळले,’’ मी म्हटलं.

डॉक्टरांनी चिठ्ठ्या पाहिल्या आणि ते पडवीत आले. त्यांनी त्या बाईचं मनगट धरलं आणि पारा चढवू लागले. एकशे चाळीस. दीडशे. एकशे साठ. त्यांची बोटं हलेनात. एकशे सत्तरच्या जवळ ते थांबले. मग नळी कानाला लावून त्यांनी पारा हळूहळू खाली सोडला, पुन्हा एकदा तेच केलं, आणि माझ्याकडे वळले.

‘‘मॅडम, तुम्ही किती चढवलं होतं?’’

‘‘दीडशे. नेहमीचंच.’’

‘‘हिचं एकशे अडुसष्ट आहे. कधीकधी आवाज वरती सुरू होतो, मधे गायब होतो आणि खाली पुन्हा येतो. तुम्ही त्या मधल्या शांततेत सुरुवात केलीत, आणि खालचा आवाज पहिला समजलात. बोटांची तशी फसवणूक होत नाही.’’ मग ते ताईसमोर जाऊन, ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, ‘‘सिस्टर, तुमचं बरोबर आहे.’’

ताईने ते वाचलं. आनंद मानायला तिला वेळच नव्हता. ती आधीच त्या बाईची पिशवी भरत होती. डॉक्टरांच्याच जीपमधून तिला नाशिकला नेलं, ताई तिचा हात धरून बरोबर बसली. मी पडवीत त्या रिकाम्या बाकावर बसून राहिले. माझे दोन्ही कान शाबूत होते. माझ्या आकड्यावर विसंबलो असतो तर ती बाई हसत हसत घरी गेली असती, आणि पुढच्या आठवड्यात जीप कुठून आली असती ते मला ठाऊक होतं. मी रडले. भीतीने रडले, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणूनही रडले.

ती बाई बारा दिवस दवाखान्यात राहिली. मुलगी झाली, वजनाला कमी, पण जिवंत, आणि दोघी घरी आल्या.

डॉक्टर महिन्याचा तक्ता भरायला बसले तेव्हा मी समोर होते. ताईच्या ओळीत त्यांनी नऊ लिहिले. मग पट्टी घेऊन त्याच्याखाली आणखी एक ओळ आखली. माझं नाव घातलं, आणि त्यापुढेही नऊ लिहिले.

‘‘नर्सचं तुम्ही पुन्हा मोजता,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचं कोण मोजणार, हा प्रश्न आहे.’’

ताई माझ्या शेजारी बसली होती. तिने त्यांचे ओठ वाचले, माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि म्हणाली, ‘‘मी आहे ना, पोरी.’’

पुढच्या मंगळवारपासून, निवृत्त होईपर्यंत, माझी प्रत्येक दहावी बाई ती पुन्हा मोजत होती.